उत्तमच्या टँकरला दुसरा हात

उत्तम,

पहिला हात दिलाय. क्लिअर, म्हणजे तुझं ते बिनरंगी वार्निश, अजून ओलं आहे, आणि ते ओलं आहे तोवर माझी बोटं कशात तरी गुंतवून ठेवायला पाहिजेत, नाहीतर मी हात लावून बघणार. मी हात लावून बघणार हे माझ्यापेक्षा तुलाच जास्त पक्कं माहीत. म्हणून तुझ्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलोय. उजव्या हातात पेन आहे, डावा मांडीखाली दाबून ठेवलाय.

परवा तुझा चौदावा. काल सरूवहिनींनी मला बोलावून घेतलं. फडताळातून तू करायला घेतलेला तो खेळण्याएवढा टँकर काढला, कापडात गुंडाळलेला, आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "भावजी, यांचा एवढा पुरा करा. चौदाव्याला फोटोजवळ ठेवायचाय."

मी म्हणालो, "करतो की, त्यात काय." ज्या आवाजात मी कुणालाही काहीही कबूल करतो त्याच आवाजात. मग घरी गेलो आणि पाच भाकरी खाणारा माणूस अर्धीवर उठलो. बायकोला वाटलं, आता हाही उत्तमभाऊंच्या मागं निघाला. तिनं कपाळाला हात लावून पाहिला, मग पोटाला.

तुला वाटत असेल, बाळ्या एवढा कावून घाबरला? अरे, एवढ्या वर्षांत तू मला तुझ्या गाड्यांना क्लिअर लावू दिलंस का कधी? चाकं घासायला दिलीस, टाकीसाठी पीव्हीसीचा पाईप गरम पाण्यात दाबून लंबुळका करायला दिलास, माझ्या बॅटऱ्यांच्या दुकानातलं बॅटरीचं पाणी, ते डिस्टिल्ड, फुकट घेतलंस. पण क्लिअरची बाटली उघडली की म्हणायचास, "बाळ्या, तू आता त्या खुर्चीवर बस आणि बोलू नको. तुझ्या बोलण्याचा वारा लागतो."

शिकवलंस मात्र सगळं, खुर्चीवरूनच. रंग मॅट असतो. डोळ्याला सपाट दिसतो, पण भिंगातून बघितला तर नांगरून टाकलेलं रान. तशा रानावर डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची ती छापील अक्षरं, ठेवली की ढेकळांच्या मधे हवा अडकते आणि अक्षरांच्या भोवती चंदेरी पापुद्रा चमकत राहतो. लांबून कळतं की चिकटवलंय. म्हणून आधी चकाकणाऱ्या क्लिअरचे दोन हात द्यायचे. मऊ पट्टी ब्रश घ्यायचा, थोडाच बुडवायचा, बाटलीच्या काठाला टेकवायचा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात न्यायचा. राहिलेल्या जागेवर परत फिरायचं नाही. फिरलं की अर्धवट वाळलेलं क्लिअर ब्रशला येतं आणि सुरकुत्या पडतात. पहिला हात आडवा, दुसरा उभा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते ब्रशवरच वाळायला लागतं, म्हणून त्यात बॅटरीच्या पाण्याचे चार थेंब. बोअरचं पाणी चालत नाही, त्यातला क्षार पांढरा फुटतो.

हे सगळं मला पाठ आहे. पोहण्याचं सगळं पाठ असलेला माणूस विहिरीच्या काठावर उभा असतो तसा मी सकाळपासून उभा आहे.

आणि डिकॅलचा कागद एकच. अंबाजोगाईच्या ज्या दुकानातून तू तो छापून आणलास त्या दुकानात आता भज्यांची कढई आहे. काल फोन लावून विचारलं. मालक म्हणाला, "ते मशीन इकलं. भजी पाठवू का?" म्हणजे हे बिघडलं तर तुझ्या हातच्या शेवटच्या टँकरवर अक्षरं नाहीत. चौदाव्याला नुसतं पांढरं पिंप फोटोजवळ, आणि वडवणीतले लोक मला विचारणार, "ही काय गॅसची टाकी का?"

तू गेलास त्या दुपारीही तू हेच करायला बसला होतास. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेताना गाडीत माझा दंड धरलास. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार, पोरीचं सांगणार, वहिनींचं सांगणार. तू विचारलंस, "झाकण लावलं का?" मी म्हणालो, "लावलं." मला काय माहीत लावलं की नाही. परत आल्यावर, घर माणसांनी भरलेलं असताना, मी आधी ती क्लिअरची बाटली बघितली. झाकण घट्ट होतं. वहिनींनी लावलं होतं.

तेवढंच बोलून जायचं असतं का रे? मी एवढा बोलणारा तुझ्या शेजारी बसलेलो, मलाही दुसरं काही सुचलं नाही.

आपलं ते भांडणही तसंच राहिलं. ज्या खऱ्या टँकरवरून तू हा केलास, तो दुधाचा की पाण्याचा. त्या मोठ्या दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध संघात दुधाचा थेंब येईना, आणि संघाचा टँकर आवारात उभा राहिला. मग संचालकांनी ठराव केला, टँकर धुतला आणि पाण्याला लावला. टाकीवर 'दूध' असं निळ्या अक्षरांत लिहिलेलं, त्यावर कागद चिकटवला, 'पिण्याचे पाणी'. तू चालवायचास, मी शेजारी बसायचो, कारण माझ्या दुकानात तेव्हा माशीसुद्धा बॅटरी घ्यायला येत नव्हती. पहिले काही दिवस त्या पाण्याला दुधाचा असा वास होता की लोकांना चहात दूध घालावंच लागत नव्हतं. सिरसाळ्याकडच्या एका वस्तीवर तर एका बाईनं त्याला विरजण लावलं.

हे मी कुठंही सांगितलं की तू मान खाली घालून म्हणायचास, "चोवीसनं भाग." तुझ्या सगळ्या गाड्या त्याच मापाच्या, खऱ्याच्या दोन फुटाला इथं एक इंच. माझ्या गोष्टींनाही तू तेच माप लावलंस. एकदा मी सांगितलं, पाहुण्याला चुकून बॅटरीच्या पाण्याचा चहा दिला तर तो घरी जाऊन अंधारात उजेड द्यायला लागला. तू भागाकार केलास आणि म्हणालास, "म्हंजे त्याचं पोट बिघडलं." तेच खरं होतं. आता माझ्या गोष्टी भागायला कुणी नाही, उत्तम. त्या आहेत तेवढ्याच मोठ्या राहतात, आणि मला त्यांची भीती वाटायला लागली आहे.

तर भांडण. मी म्हणायचो, लोकांना हा टँकर पाण्याचा म्हणून आठवतो, पाण्याचं लिही. तू म्हणायचास, "गाडी दुधाची हाय बे. पाणी ही तिची एका सालाची अडचण." मी म्हणायचो, संघ बुडाला, टँकर भंगारात गेला, आता कसलं दूध. तू चिडून टेप घ्यायचास आणि परत एखादं माप तपासायचास. आणि छापून आणलंस ते काय, तर एकाच कागदावर दोन्ही. दोन वेळा 'दूध', दोन वेळा 'पिण्याचे पाणी'. मला गप्प करायला आणलंस की तुझंच ठरत नव्हतं, हे विचारायचं राहिलं. आता कागद माझ्यासमोर आहे आणि दोन्ही बाजूंनी मीच भांडतोय.

वाळलं वाटतं. लांबून तरी दिसतंय. ओलं असताना ते दुधाळ असतं, वाळलं की काच. उठून बघतो.

बघितलं. हात लावला नाही. म्हणजे लावला, पण टाकीच्या पोटाखाली, जिथं तुलासुद्धा दिसलं नसतं. वाळलंय. पण उजव्या कुशीवर तीन ठिकाणी धूळ बसली आहे, रव्यासारखी. आणि का बसली ते मला माहीत आहे. मी पाण्याच्या टँकरची वाट पाहिली नाही.

आपल्या गल्लीत पाण्याचा टँकर यायचा तेव्हाच तू क्लिअर लावायचास. एरवी कधी नाही. इथली धूळ काय साधी आहे? वावटळ सुटली की म्हैस गोठ्यातून निघून दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन बांधून घेते. पण टँकर आला, बायांची गर्दी झाली, घागरी हिंदकळल्या, की गल्ली ओली व्हायची. धूळ बसायची. तेवढा अर्धा-पाऊण तास तुझा. टँकरचा हॉर्न ऐकून गल्लीतला प्रत्येक माणूस भांडं घेऊन बाहेर पळायचा आणि तू एकटा ब्रश घेऊन आत. समोरच्या शेवंताकाकू मोठ्यानं म्हणायच्या, "सरू, तुझ्या मालकाला सांग, पाण्याला नंबर लागत असतो, रंगाला न्हाई." वहिनी दोन्ही हातांत घागरी घेऊन रांगेत, आणि तू दार लावून घ्यायचास.

आणि वर बडबड करायचास. दाराच्या फटीतून ओली गल्ली बघून म्हणायचास, "किती सांडतेत बघ. यांना पाण्याची किंमत न्हाई." ज्या माणसानं दुष्काळात टँकर चालवताना नळीखाली पसा धरून शेवटचे थेंबही घागरीत सोडले त्याला ते सहन व्हायचं नाही. पण ब्रश त्याच ओल्यावर चालायचा. मीही खुर्चीवरून मान हलवायचो. हो, लई सांडतात.

आज टँकर दुपारी येणार आहे. तोवर धुळीचे ते दाणे तुझ्या काळ्या पॉलिश पेपरनं, ओला करून, हलक्या हातानं काढतो. तुझा अर्धा जन्म असा घासण्यात गेला. एकदा संघाचे अध्यक्ष तुझी उसाची ट्रक बघायला आले आणि ओल्या क्लिअरवर अंगठा टेकवून म्हणाले, "वा, अजून ओली आहे का?" तू संध्याकाळपर्यंत तो अंगठा घासत बसलास. मी म्हणत होतो, राहू दे, वार्षिक सभेत ठेवू, अध्यक्षांनी संघासाठी काय केलं याचा निदान एक ठसा दाखवता येईल. तू हसलास पण घासलंसच.

टँकर येऊन गेला. आता जे झालं ते नीट सांगतो. चोवीसनं भागायची गरज नाही, आहे तेवढंच आहे.

हॉर्न वाजला तसं मी दार लावलं. ब्रश ओला केला, झटकला, क्लिअरमधे बॅटरीचं पाणी घातलं. थेंब मोजताना बाटलीच्या बाहेरच जास्त पडले. बाहेर बायांचा गलका सुरू झाला. मी गल्ली ओली व्हायची वाट बघत फटीतून पाहिलं. कोरडी. थोडा थांबलो. परत पाहिलं. कोरडी ठणठणीत. बाया नळीला घागर लावत होत्या, काठोकाठ भरायच्या आत नळी पुढच्या घागरीत जात होती, आणि एक थेंब, उत्तम, एक थेंब खाली पडत नव्हता. तेवढ्यात वारा सुटला आणि गल्लीच्या तोंडापासून धुळीचा लोट सरळ आपल्या दाराकडं. फटीतून आत यायला लागला. मी तुझ्या टँकरवर परात पालथी घातली आणि स्वतः परातीवर ओणवा झालो.

बाहेर पाण्याचा टँकर निघायच्या बेतात. तो गेला की आता परवाच, म्हणजे चौदाव्याच्या दिवशी. मी आतल्या दाराशी जाऊन वहिनींना म्हणालो, "वहिनी, आज गल्ली ओली होईना. बाया सांडीनात."

त्या सुतकात, म्हणून रांगेत गेल्या नव्हत्या. शेवंताकाकूच त्यांचं पाणी भरत होत्या. वहिनी आत भिंतीला टेकून बसलेल्या. माझ्याकडं मान वळवली. मग म्हणाल्या, "भावजी, दुष्काळात पाणी कोण सांडतं?"

मी परातीकडं बघितलं, मग दाराकडं. 

"मी सांगितलंतं सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "रांगेला येताना रिकामी भांडी कशाला आणता, कालचं भांड्याकुंड्याचं, धुण्याचं पाणी घेऊन या, आन् आमच्या दारात टाका. तुमच्या दारात टाकायचं ते इथं टाका म्हणलं. शेवंताकाकू बोलायच्या लई, पर पहिली बादली त्यांचीच. हे गेल्यापासून कुणी टाकलं न्हाई. म्हणल्या, आता कशाला."

"उत्तमला माहीत होतं?"

"त्यांनी कधी इचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई. कळलं असतं तर ब्रशच खाली ठेवला असता. लोकाच्या पाण्यावर कावून रंगवू म्हणले असते."

एवढं बोलून त्या उठल्या. मागच्या दारी पाहुण्यांच्या जेवणाची भांडी विसळलेलं पाणी बादलीत होतं. दाराच्या आतूनच, उंबरा न ओलांडता, त्यांनी गल्लीत सपकारा मारला. पलीकडून शेवंताकाकूंनी ते बघितलं.  घरात गेल्या आणि त्यांची बादली आली. मग आणखी कुणाची. मग आणखी. साबणाचं पाणी, तांदूळ धुतलेलं, पोराला अंघोळ घातलेलं. धूळ बसली. मातीचा वास दाराच्या फटीतून आत आला आणि मी परात उचलली.

दुसरा हात उभा दिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठंही परत फिरलो नाही. एका ठिकाणी, शिडीच्या मागं, बोटभर जागा राहिली. हात सारखा तिकडं ओढत होता, तरी गेलो नाही. राहू दे. बोललो तर नाहीच. माझ्या बायकोला हे सांगितलं तर ती भागाकार करील.

उत्तम, आपण दोघं त्या दारामागं बसून त्या बायांना नावं ठेवत होतो. तुझ्या प्रत्येक गाडीची चमक, एस.टी.ची, ट्रकची, जीपची, त्यांच्या बादल्यांवर वाळली आहे. तुला सांगायला हवं होतं की नको होतं, मला ठरवता येईना. तुझी मान कशी खाली गेली असती ते मला दिसतं. मग तू काय केलं असतंस ते दिसत नाही. मी एवढ्या गोष्टी रचल्या, ही एक रचता येत नाही. आता तू नाहीस म्हणून सांगतोय. रागवायचं तर माझ्यावर रागव, वहिनींवर नको.

आज सकाळी डिकॅल लावली. उद्या चौदावा.

रात्रभर वाळलेलं क्लिअर खिडकीशी धरलं तर त्यात खिडकीचे गज दिसत होते. तेवढं बघून मला धीर आला आणि लगेच गेला, कारण आता कात्री. कागद टेबलावर ठेवला आणि वहिनींना बोलावलं. म्हणालो, "हे दोन आहेत. एक दूध, एक पाणी. आमचं भांडण मिटलं नव्हतं. तुमी सांगा."

त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "दूध लावा," म्हणाल्या. "पाण्याचं लई झालं."

म्हणजे तू जिंकलास. पण तुझ्यामुळं नाही, हे लक्षात ठेव.

'दूध' कापलं. बशीत बॅटरीचं पाणी, त्यात सोडलं. कागद गोल वळला, मग सरळ झाला. टाकीच्या कुशीवर नेऊन अक्षरं कागदावरून सरकवली तेव्हा मी श्वास घेत नव्हतो. ती त्या काचेवर तरंगत होती, ओल्या बोटानं हवी तिकडं जात होती. 'द'च्या खालचा ऊकार टाकीच्या पट्टीला टेकेपर्यंत खाली घेतलं, खऱ्या टँकरवर होतं तसं. मग ब्रशच्या टोकानं मधून कडेला पाणी काढलं, आणि बसलं. दुसऱ्या बाजूलाही बसलं. दोन्ही बाजूंना उजेडात तिरकं धरून बघितलं. चंदेरी काही नाही. कडा कुठं संपते ते मलाही सापडेना. वहिनींनी पदराच्या टोकानं हात पुसले, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हे चिकटवलेलं न्हाई. लिहिलंय."

मी बाहेर जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. बॅटरीवाला रडताना दिसला तर धंद्याला बरं नाही.

परत आत आलो तर वहिनी टेबलाशी. उरलेल्या कागदातलं 'पिण्याचे पाणी' त्यांनी कापून घेतलं होतं, माझ्यासारखंच बशीत भिजवलं होतं, आणि ते घेऊन स्वयंपाकघरात माठापाशी गेल्या होत्या. खापराचा माठ, खरबरीत, खाली क्लिअर नाही, काही नाही. मी तोंड उघडलं होतं. तुझे सगळे शब्द तोंडात तयार होते: नांगरलेलं रान, ढेकळं, हवा. मिटलं.

त्यांनी ते सरकवलं, अंगठ्यानं दाबलं. तिरकं बसलं. अक्षरांच्या भोवती चंदेरी पापुद्रा पार इथून दिसतोय, एक कोपरा आत्ताच सुटायला लागलाय, आणि तुझ्या मापाची ती अक्षरं एवढ्या मोठ्या माठावर मुंग्यांच्या ओळीएवढी. पाणी घ्यायला जाणाऱ्याला वाकून वाचावी लागतात. मघाशी शेवंताकाकू आल्या, त्या वाकल्या.

तुझा,
बाळू